श्रद्धा म्हणजे केवळ मान्यता का?

रविवारच्या पवित्र मिस्सेत प्रवचन संपले की आपण सारे उभे राहतो आणि एका सुरात विश्वासांगिकार म्हणतो. सृष्टीच्या निर्मितीपासून सार्वकालिक जीवनापर्यंतची सारी विधाने मिनिट-दीड मिनिटात म्हणून होतात. तेवढ्यात कुणी दानासाठी खिशातले सुटे पैसे चाचपत असतो, कुणी बाकावर चढलेल्या मुलाला खाली उतरवीत असते. पाठ इतका पक्का असतो की जिभेला मनाची सोबत लागत नाही. याविषयी तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. पाठांतराची मी कधीच निंदा करीत नाही. ज्या गोष्टी संकटात आठवाव्यात अशी आपली इच्छा असते, त्या आधी कधीतरी पाठ झालेल्या असाव्या लागतात. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा, एखाद्याने ती विधाने पूर्ण लक्ष देऊन, एकेक शब्द तोलून, खरी मानून म्हटली. एकाही विधानाविषयी त्याच्या मनात शंका नाही. एवढ्यावरून त्याच्याजवळ तारणदायी श्रद्धा आहे, असे म्हणता येईल का?

दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात एका मुलाने हाच प्रश्न त्याच्या पद्धतीने विचारला होता. "फादर, हे सगळं तर सैतानालाही माहीत आहे. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत त्याला शंभरपैकी शंभर मिळतील. मग तो का तारला जात नाही?" वर्गात हशा पिकला. मुलगा चेष्टेखोर होता, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमके हेच म्हटले आहे: देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे, आणि ती मान्यता त्यांना थरकापाखेरीज काही देत नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात तर याहून अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. येशू कोण आहे हे पेत्राच्या तोंडून आपण आठव्या अध्यायात ऐकतो. पण कफर्णहूमच्या सभास्थानातील अशुद्ध आत्मा ते पहिल्याच अध्यायात ओरडून सांगतो. शिष्यांच्या कितीतरी आधी त्याने अचूक ओळखले होते. त्याच्या उत्तरात चूक काढायला जागा नाही, आणि तरी प्रभू त्याला गप्प करतो.

मग पेत्राच्या कबुलीत असे काय होते, जे त्या आत्म्याच्या आरोळीत नव्हते?

याचा शोध घेण्यापूर्वी आपल्या भाषेकडे थोडे पाहावे. मराठीत आपण मत मांडतो, निष्कर्ष काढतो, अंदाज बांधतो. पण विश्वास मात्र ठेवतो. ठेवायचे म्हटले की ठेवण्याजोगे काही तरी आपल्याजवळ असावे लागते आणि ते कुणाच्या तरी हाती द्यावे लागते. पतपेढीत ठेव ठेवणाऱ्याला ती पतपेढी भक्कम आहे हे नुसते मान्य असून चालत नाही; त्याचे पैसे तेथे असावे लागतात. 'श्रद्धा' हा शब्द तर याहून बोलका आहे. जुन्या लॅटिन मिस्सेत वाढलेल्या आपल्या आजी-आजोबांना 'क्रेदो' हा शब्द परिचयाचा होता. संस्कृतातील 'श्रद्धा' आणि लॅटिनमधील 'क्रेदो' हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्या मुळाच्या पूर्वार्धात 'हृदय' हा शब्द दडलेला आहे, असे त्यांच्यापैकी अनेकांचे मत आहे. उत्तरार्धातील 'धा' म्हणजे ठेवणे, हे तर संस्कृत शिकलेला विद्यार्थीही सांगेल. हृदय ठेवणे, ही श्रद्धा! व्हॅटिकनची भाषा आणि वेदांची भाषा या एका बाबतीत चुलत बहिणी निघाव्यात, याची मला सेमिनरीत असताना मोठी गंमत वाटली होती.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही तोच भाव आहे. आपण प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतो, त्या धातूचा अर्थ पक्के, भक्कम, ढळणार नाही असे. त्याच धातूपासून 'एमूना' हा शब्द झाला. निर्गमच्या सतराव्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात उंचावून उभा राहतो. हात थकतात तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहतात. त्या स्थिर राहण्याला तेथे 'एमूना' म्हटले आहे. पुढे हबक्कूक संदेष्टा नीतिमान माणूस कशाने जगेल हे सांगताना हाच शब्द वापरतो आणि संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी त्याचाच आधार घेतो. तेव्हा पौल 'विश्वास' म्हणतो त्यामागे केवळ मेंदूत नोंदलेली माहिती नाही. दुसऱ्याच्या आधाराने का होईना, पण सूर्यास्तापर्यंत न खाली आलेले हात आहेत.

एवढे असूनही, श्रद्धा म्हणजे बुद्धीची मान्यता आणि त्यापलीकडे काही नाही, असे मनापासून मानणारी भली माणसे होऊन गेली आहेत. अठराव्या शतकातील रॉबर्ट सँडेमन (१७१८–१७७१) हा स्कॉटलंडचा धर्मोपदेशक त्यांपैकी प्रमुख. ख्रिस्ताने क्रूसावर जे केले ते पूर्ण आहे. त्याविषयीची प्रेषितांची साक्ष खरी आहे हे बुद्धीला पटले की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो. त्यात इच्छा, भावना, समर्पण यांची भर घालू नये, असे त्याचे म्हणणे होते. हे ऐकून त्याला कोरडा पंडित ठरवण्याची घाई आपण करू नये. त्याच्या काळचे अनेक उपदेशक श्रोत्यांना सतत अंतःकरण तपासायला लावीत: तुझे अश्रू खरे आहेत का? तुझे शरण जाणे पुरेसे आहे का? बिचारी माणसे ख्रिस्ताकडे पाहायचे सोडून स्वतःच्या छातीत डोकावत बसत. माझ्या शरण जाण्याच्या उत्कटतेवर माझे तारण अवलंबून असेल तर ते पुन्हा माझेच कर्तृत्व झाले, हा सँडेमनचा आक्षेप खोटा नाही. आपल्याकडेही एखाद्या तपसाधनेत शेजारणीला रडू आले आणि आपल्याला आले नाही म्हणून खिन्न होऊन घरी परतलेले भाविक मी पाहिले आहेत. त्यांना सँडेमनचे हे अर्धे म्हणणे मी आनंदाने ऐकवीन.

पण उरलेले अर्धे? अँड्र्यू फुलर या इंग्लिश बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने १८१० मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. हा फुलर आपल्याला अगदीच परका नव्हे. विल्यम कॅरीला भारतात पाठवणाऱ्या मिशनरी संस्थेचा तो चिटणीस होता आणि त्याच कॅरीने श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व पुढे मराठी नवा करार छापला. फुलरचा मुद्दा साधा होता: अंतःकरणाचा कल वगळून केवळ मान्यता शिल्लक ठेवली, तर भूत आणि भक्त यांत फरक दाखवता येत नाही. मला मात्र त्या वादापेक्षा सँडेमनच्या अनुयायांचे जीवन अधिक बोलके वाटते. विजेच्या शास्त्राचा थोर संशोधक मायकल फॅरडे याच पंथाचा होता. ही मंडळी दर आठवड्याला प्रभुभोजन घेत, एकत्र जेवत, एकमेकांचे पाय धूत, धनसंचय करणे गैर मानीत. फॅरडेने रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले आणि आयुष्य साधेपणाने काढले. नुसती मान्यता पुरे, असे म्हणणारी ही माणसे नुसत्या मान्यतेवर मुळीच जगत नव्हती!

आता आपल्या घरात येऊ. आपले प्रोटेस्टंट बांधव कधी कधी म्हणतात, की तुम्हा कॅथॉलिकांचीच श्रद्धा म्हणजे सिद्धान्तांना होकार. मनाचा भरवसा आम्हांला ठाऊक. यात थोडे तथ्य आहे. संत थॉमस अक्विनास श्रद्धेला बुद्धीचीच कृती म्हणतात. मात्र ते तेथे थांबत नाहीत. दोन आणि दोन चार होतात हे मानायला मला कुणाच्या प्रेमात असावे लागत नाही. पुरावाच बुद्धीला वाकवतो. श्रद्धेच्या विषयात तसे होत नाही. तेथे समोर जे आहे ते खरे मानण्याजोगे असते, पण न मानण्याची मुभाही माणसाला उरते. अशा वेळी कृपेने हलवलेली इच्छा बुद्धीला म्हणते, "हो म्हण; बोलणारा देव आहे." होकार देते बुद्धी, पण तिला पुढे ढकलते ती देवाकडे ओढली गेलेली इच्छा. आणि सैतान? त्याच्याविषयी संत थॉमस फार मार्मिक बोलले आहेत. त्याची बुद्धी इतकी तीक्ष्ण की चिन्हे पाहून त्याला नाकारताच येत नाही. त्याचा होकार हा पकडला गेलेल्या चोराचा होकार आहे. सत्य खरे आहे याचेच त्याला दुःख आहे. तेव्हा त्या वर्गातल्या मुलाला उत्तर असे, की सैतानाची उत्तरपत्रिका तुझ्यासारखीच असेल, पण ती लिहिताना तो दात-ओठ खात असेल.

संत ऑगस्टिन यांनी याच गोष्टीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि लॅटिनमध्ये त्या केवळ विभक्तीच्या फरकाने दाखवता येतात. मराठीतही ते जमते असे मला वाटते: देव मानणे, देवाचे मानणे आणि देवाला आपला मानून त्याच्या मागे जाणे. पहिले भुतांनाही जमते. दुसरे, म्हणजे त्याचा शब्द खरा धरणे, हेही प्रेमावाचून होऊ शकते. तिसऱ्यात मात्र माणूस जागचा हलतो. ऑगस्टिन यांच्या मते ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे म्हणजे त्याच्यावर प्रेम करीत त्याच्यात शिरणे, त्याच्या शरीराचा अवयव होणे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी या प्रश्नावर जो आदेश काढला, तो बहुतेकांना फक्त ल्यूथरविरोधी म्हणून ठाऊक असतो. तो मुळातून वाचावा, असा माझा आग्रह आहे. श्रद्धा ही तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ आहे, असे परिषद म्हणते. मात्र आशा आणि प्रीती यांची जोड नसेल तर ती माणसाला ख्रिस्ताशी पूर्णपणे जोडत नाही. ल्यूथरला 'विश्वास' या शब्दात प्रीतीचा आणि भरवशाचा अर्थ आधीच भरलेला दिसत होता. परिषद त्याच शब्दाचा अर्थ काटेकोरपणे बुद्धीच्या होकारापुरता घेत होती. एकच शब्द दोघे दोन अर्थांनी वापरीत होते, हे उमगायला साडेचार शतके जावी लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथॉलिक ख्रिस्तसभा यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सारे मतभेद मिटले नाहीत, पण श्रद्धेने मिळणारी कृपाच प्रीतीला जन्म देते, हे दोन्ही बाजूंनी एकत्र मान्य केले.

ट्रेंटच्या त्याच आदेशात एक वाक्य असे आहे, ज्यावर प्रवचने फारशी होत नाहीत. प्राणघातक पापाने माणूस कृपा गमावतो, पण त्यामुळे श्रद्धाही नेहमी जातेच असे नाही. उरलेली ती श्रद्धा जिवंत नसेल, तरी ती खरी श्रद्धाच असते. जिवंत नाही, पण खरी! हा केवळ शब्दांचा खेळ वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण अशी श्रद्धा असलेली माणसे मी ओळखतो.

ती प्रत्येक धर्मग्रामात असतात. मिस्सेला येतात, पण देवळात शिरत नाहीत. मागच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून उभी राहतात. अशाच एका वयस्क गृहस्थांविषयी सांगतो. त्यांनी फार वर्षांपूर्वी मोठ्या भावाच्या वाट्याची काही गुंठे वाडी सातबाऱ्यावर आपल्या नावे चढवून घेतली होती. भाऊ वारला, त्याची मुले भाड्याच्या खोलीत वाढली. गावात सारे जण हे जाणून आहेत. हे गृहस्थ शुभवर्तमानाच्या वेळी डोक्यावरची टोपी काढतात, अभिषेकाच्या वेळी फरशीवर गुडघे टेकतात, पण ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. एकदा मी त्यांना म्हटले, "काका, बाहेर का उभे राहता? आत या. तुमचा विश्वास उडाला आहे का?" ते म्हणाले, "फादर, सगळं खरं वाटतं, म्हणून तर आत येत नाही."

या उत्तरावर मी बराच काळ विचार केला आहे. या माणसाची मान्यता पोकळ नाही. ती खोटी असती, तर तो केव्हाच पहिल्या बाकावर जाऊन बसला असता; तसे बसणारेही असतात. वेदीवर कोण येतो हे तो जाणतो आणि हातात भावाची जमीन धरून त्याच्यापुढे जाता येत नाही, हेही जाणतो. त्याची श्रद्धा त्याला दारापर्यंत आणते आणि दारातच उभी करते. त्याला आणखी एका प्रवचनाची, आणखी एका पुराव्याची गरज नाही. त्याच्या आणि वेदीच्या मध्ये काही गुंठे जमीन आहे. जी श्रद्धा बुद्धीत पूर्ण आहे, ती हातापर्यंत उतरलेली नाही. आणि जोवर उतरत नाही, तोवर ती त्याला वाचवीत नाही, छळते. पण ती छळते आहे हीच माझी आशा आहे. मेलेल्या लाकडाला पालवी फुटत नाही असे आपण म्हणतो, तरी मूळ जमिनीत असेपर्यंत वाडीतला शहाणा माणूस ते झाड उपटत नाही. म्हणून अशा माणसाला 'अश्रद्ध' म्हणून झिडकारण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुतण्यांशी बोलणी करून देतो, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. जमिनीची मोजणी अजून व्हायची आहे.

येथे कुणी म्हणेल, की मग सिद्धान्तांची एवढी मातबरी कशाला? कशावर विश्वास ठेवता हे महत्त्वाचे नाही, माणूस चांगला असला म्हणजे झाले. हे वाक्य हल्ली लग्नाच्या मांडवापासून मयतीच्या घरापर्यंत सगळीकडे ऐकू येते आणि ते म्हणणाऱ्याचा हेतू बहुधा भला असतो. ज्यांच्यापर्यंत ख्रिस्त पोहोचलाच नाही आणि जे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून देवाचा शोध घेतात, त्यांच्यासाठी तारणाचा मार्ग बंद नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यावर वाद नको. पण ज्याला ख्रिस्त भेटला आहे, त्याने 'तो कोण, याला महत्त्व नाही' असे म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. भोंदू डॉक्टरवर ठेवलेला गाढ विश्वास रोग्याला वाचवीत नाही. उलट जितका गाढ तितका घातक. भरवसा ठेवायचा तर ज्याच्यावर ठेवायचा तो भरवशाचा आहे की नाही हे पाहावेच लागते. ३२५ साली निकाया येथे जमलेल्या बिशपांनी पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे की निर्माण झालेला आहे, यावर एवढा खल केला तो रिकामपणीचा उद्योग म्हणून नव्हे. येशू स्वतः देव नसेल, तर त्याच्या पायांशी आयुष्य ठेवणे ही मूर्तिपूजा ठरेल. देव असेल, तर न ठेवणे हा द्रोह. संत पौलही हातचे काही राखून बोलत नाही: ख्रिस्त उठला नसेल, तर आपली श्रद्धा व्यर्थ आहे, मग ती कितीही उत्कट का असेना.

दोहोंची गाठ कशी पडते, हे आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेने चांगले जाणले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या (१६१६) आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीत नवख्रिस्ती लोकांना धर्मतत्त्वांची शिकवण दिली जात असता एक ब्राह्मण पुढे येऊन पाद्रींना सांगतो, की ही शिकवण उत्तम आहे, पण आमच्या भाषेत एखादे पुराणही आम्हांला मिळाले तर बरे होईल. त्या माणसाला प्रश्नोत्तरे अमान्य नव्हती. त्याला हवे होते ते असे काही, जे घरी नेता येईल, गाता येईल, ज्यात राहता येईल. स्टीफन्स यांनी त्याला हजारो ओव्या दिल्या, आणि त्या ओव्यांत तीच तत्त्वे होती.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांची हकिकत आपणां सर्वांना 'स्मृतिचित्रे'मुळे ठाऊक आहे. नवा करार वाचून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने, त्यांचे मन आधीच जिंकले गेले होते. पटणे एका बाजूला आणि १८९५ सालचा मुंबईतला बाप्तिस्मा दुसऱ्या बाजूला, या दोहोंच्या मध्ये पत्नी, मुलगा, गोत, अन्नपाणी सारे उभे होते. लक्ष्मीबाईंना तर तेथे पोहोचायला पुढे आणखी काही वर्षे लागली. पटलेल्या गोष्टीची किंमत मोजेपर्यंत माणसाचे काय काय होते, हे त्या पुस्तकाइतके प्रांजळपणे मराठीत दुसरीकडे क्वचितच आले असेल.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० मध्ये मान्यतेविषयी एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांचे एक निरीक्षण मी नेहमी वापरतो. एकाच विधानाला आपण दोन रीतींनी होकार देतो: नुसती कल्पना म्हणून, किंवा प्रत्यक्ष वस्तू म्हणून. प्रत्येक माणूस मरतो हे मला वयाच्या सहाव्या वर्षापासून मान्य आहे. पण तपासणीचा अहवाल हातात घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर आलेला माणूस तेच वाक्य निराळ्या रीतीने मान्य करतो. माहितीत भर पडलेली नसते. तरीही न्यूमन बजावतात, की अशी प्रत्यक्ष मान्यतासुद्धा आपोआप कृती घडवीत नाही. ती मनाला हलवते आणि मन हाताला. शेवटचे पाऊल माणसानेच उचलायचे असते.

माझ्या मते खरी कसोटी लागते ती मात्र उलट दिशेने: जेव्हा आतून काहीच हलत नाही तेव्हा. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगाला कळले, की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. होता तो अंधार. काही वर्तमानपत्रांनी लगेच ठरवून टाकले, की त्यांची श्रद्धा नाहीशी झाली होती. ही वर्षे त्यांनी कशी काढली? पहाटे उठून, मिस्सा ऐकून, रस्त्यावर मरणाऱ्यांना उचलून. भावना नव्हती, गोडी नव्हती. पण ज्याच्या हाती आयुष्य ठेवले होते, त्याच्याकडून ते काढून घेतले नाही. हबक्कूकची 'एमूना' ती हीच, असे मला वाटते.

एका विधवा भगिनीने मला विचारले होते, "फादर, मुलगा गेल्यापासून जपमाळ हातात घेते, पण शब्द येत नाहीत. माझा विश्वास गेला का?" मी म्हटले, "मावशी, जपमाळ हातात का घेता?" त्या म्हणाल्या, "मग रात्री कोणाजवळ बसू?" मी त्यांना याहून अधिक काही सांगितले नाही.

शेवटी एक अडचण राहते, आणि ती पुस्तकी नाही. श्रद्धेला बुद्धीचा होकार हवाच असे म्हटले, तर ज्याची बुद्धी तेथवर पोहोचत नाही त्याचे काय? तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आपण करतो, कारण श्रद्धा हे आधी देवाचे देणे आहे आणि मगच माणसाची कृती. बीज ख्रिस्तसभेच्या श्रद्धेत पेरले जाते. पण जे मूल वाढते आणि तरीही समजत नाही? पोप संत दहावे पायस यांनी १९१० मध्ये प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय खाली आणले, तेव्हा त्यांनी मुलाकडून फार थोडे मागितले: त्याच्या कुवतीप्रमाणे श्रद्धेची मुख्य रहस्ये कळावीत आणि ही नेहमीची भाकर नव्हे, एवढा फरक कळावा.

आमच्याकडे एक मतिमंद मुलगी आहे. बारा-तेरा वर्षांची, बोलते ते आईलाच कळते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या यादीत तिचे नाव घालावे का, असे धर्मशिक्षिकेने संकोचून विचारले, कारण तिला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. मी आईला बोलावले. आई म्हणाली, "फादर, घरात हिच्यासमोर ताट ठेवलं की धीर धरवत नाही, हात घालते. पण तुम्ही ख्रिस्तप्रसाद उंच धरता ना, तेव्हा ही हात जोडते. मी शिकवलं नाही." पुढच्या रविवारी मी मुद्दाम पाहिले. तिने हात जोडले होते. यादीत नाव घातले, आणि इतर मुलांबरोबर, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, आईचा हात धरून ती वेदीपाशी आली.